रसायनांमुळे होणारी जनुकीय हानी आणि नैसर्गिक संयुगं: संरक्षण होतं ते नेमकं कुठे?

केंद्रक

उंदराच्या अस्थिमज्जेच्या काचपट्ट्या मोजण्यात माझी चार वर्षं गेली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, हजारो कोवळ्या तांबड्या पेशी बघायच्या आणि त्यांतल्या कितींच्या पोटात एक बारीक, गोल, गडद ठिपका आहे ते मोजायचं. तो ठिपका म्हणजे मायक्रोन्यूक्लियस. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा किंवा वाट चुकलेलं अख्खं गुणसूत्र मुख्य केंद्रकात पोचलं नाही, की त्याचं असं वेगळं छोटं केंद्रक तयार होतं. तांबडी पेशी पक्व होताना मुख्य केंद्रक बाहेर टाकते, ठिपका मात्र बहुधा आतच राहतो. रिकाम्या पेशीत तो उठून दिसतो, म्हणून ही चाचणी इतकी रुळली.

सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचं औषध टोचलं की हे ठिपके वाढतात. त्याआधी काही दिवस एखाद्या वनस्पतीचा अर्क पाजला तर काही वेळा ते कमी वाढतात. मग प्रबंधात वाक्य येतं: "अर्कामुळे डीएनएचं संरक्षण होतं." हे वाक्य मीही लिहिलेलं आहे. हल्ली दुसऱ्यांचे प्रबंध वाचताना ते समोर आलं की मी समासात एकच शब्द लिहिते: "कुठे?"

रसायनांनी उत्परिवर्तन होतं हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं ते शार्लोट ऑअरबाख यांनी. एडिंबरामध्ये जे. एम. रॉबसन यांच्यासोबत त्यांनी फळमाश्यांना मस्टर्ड वायू दिला आणि पुढच्या पिढ्यांतली उत्परिवर्तनं मोजली. महायुद्ध चालू असल्याने निष्कर्ष गुप्त राहिले, ते १९४६ मध्ये छापून आले. उलट दिशेचा विचारही फार उशिरा आलेला नाही. उत्परिवर्तनाचा वेग कमी करणाऱ्या पदार्थांना 'अँटिम्युटाजेन' हे नाव आरन नोविक आणि लिओ झिलार्ड यांनी १९५२ मध्येच वापरलं होतं.

पण माझ्या मते खरी स्पष्टता आणली ती जपानच्या मिशिमा इथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेतल्या त्सुनेओ कादा यांनी. त्यांनी दोन गट पाडले. पहिल्या गटातले पदार्थ उत्परिवर्तक रसायनालाच पेशीबाहेर गाठतात, त्याला बांधतात किंवा मोडतात. त्यांना ते 'डेसम्युटाजेन' म्हणत. दुसरा गट पेशीच्या आत काम करतो. हानी आधीच झालेली असते, पण दुरुस्तीवर किंवा डीएनएची नक्कल होण्यावर परिणाम झाल्याने त्या हानीचं कायमचं उत्परिवर्तन होत नाही. हे 'बायो-अँटिम्युटाजेन'. पुढे इटलीतल्या सिल्व्हिओ दे फ्लोरा यांनी याची आणखी बारीक विभागणी केली.

रसायनाचा प्रवास डोळ्यापुढे आणा. ते शरीरात शिरतं. पुष्कळदा ते स्वतः निरुपद्रवी असतं, यकृतातली विकरं त्याला घातक रूप देतात. ते रूप डीएनएला चिकटतं. दुरुस्ती यंत्रणा धावते. दुरुस्ती चुकली किंवा व्हायच्या आत पेशी विभागली, तर बदल कायम होतो. यातल्या प्रत्येक थांब्यावर नैसर्गिक संयुगं काही ना काही करू शकतात, आणि प्रत्येक थांब्यावर 'संरक्षण' या शब्दाचा अर्थ बदलतो. याच अनुषंगाने बोलावं म्हणून हा धागा.

पानगळ

छान विषय. एक मूलभूत शंका. नैसर्गिक पदार्थ रासायनिक हानीपासून वाचवतात म्हणताना आपण निसर्ग आणि रसायन असे दोन पक्ष मांडतो. ही मांडणी शास्त्राला मान्य आहे का?

केंद्रक

नाही, पानगळ. बरं झालं तुम्ही सुरुवातीलाच विचारलंत. यकृताच्या कर्करोगाशी ज्याचं नातं सगळ्यात पक्कं आहे असं एक उत्परिवर्तक म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी-१, आणि ते अ‍ॅस्परजिलस बुरशी बनवते. ते पूर्णपणे नैसर्गिक आहे. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० विकरं त्याचं एपॉक्साइड बनवतात, ते डीएनएतल्या ग्वानीन या अक्षराला चिकटतं. ज्या भागांत अफ्लाटॉक्सिन जास्त पोटात जातं तिथल्या यकृताच्या गाठींमध्ये गाठी रोखणाऱ्या पी-५३ जनुकाच्या २४९व्या कोडॉनवर एकच ठराविक बदल पुन्हा पुन्हा सापडतो. एखाद्या उत्परिवर्तकाने जनुकावर स्वतःची इतकी स्पष्ट सही सोडल्याची उदाहरणं थोडी आहेत.

आणि काहीही बाहेरून शिरलं नाही तरी डीएनए झिजतच असतो. सस्तन प्राण्याच्या एका पेशीतून दिवसाला अंदाजे १०,००० प्युरिन (डीएनएची अक्षरं) नुसत्या पाण्याच्या संपर्काने गळून पडतात. टोमास लिंडाल यांनी हे दाखवलं, आणि २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो यामागच्या दुरुस्ती यंत्रणेच्या कामासाठी.

खडूफळा

मी अनेक वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे एम्स चाचणीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीमध्ये ही चाचणी उभी केली. साल्मोनेला जिवाणूचे असे वाण घ्यायचे ज्यांना हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवता येत नाही. जवळजवळ हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर ते वाढू शकत नाहीत. पण उत्परिवर्तनाने मूळ क्षमता परत आली, तर त्या एका जिवाणूची वसाहत दिसू लागते. टीए-९८ वाण अक्षरं घुसल्या-गळल्याने होणारे बदल पकडतो, टीए-१०० अक्षरबदल पकडतो. यकृताची नक्कल म्हणून उंदराच्या यकृताचा 'एस-९' अंश घालायचा. जिवाणूंना आपल्यासारखं यकृत नसतं, ही त्रुटी इतक्या साध्या युक्तीने भरून काढली याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

मुद्दा असा, की याच (पेट्री) थाळीवर नैसर्गिक संयुगांची दोन्ही रूपं दिसतात. एलाजिक आम्ल हे वनस्पतींतलं संयुग घ्या. धुरातल्या बेंझोपायरीनचं जे अंतिम घातक रूप आहे, तो डायॉल एपॉक्साइड, त्याच्याशी एलाजिक आम्ल थेट अभिक्रिया करून त्याचा निकाल लावतं. हे १९८२ मध्ये दाखवलं गेलं. आता क्वेरसेटिन घ्या. असंख्य वनस्पतींत असतं आणि 'संरक्षक' म्हणून त्याचं नाव नेहमी पुढे असतं. तेच क्वेरसेटिन एम्स चाचणीत स्वतः उत्परिवर्तक ठरतं, टीए-९८ मध्ये तर एस-९ न घालतासुद्धा. हे १९७७ पासून माहीत आहे. प्राण्यांमध्ये मात्र चित्र तसं दिसलं नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये त्याला तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे माणसातल्या कर्करोगाबाबत वर्गीकरण करता येत नाही असा गट.

विद्यार्थी विचारत, "सर, मग ते चांगलं की वाईट?" मी म्हणायचो, थाळीवर वाईट, आतड्यात वेगळं. आतड्याच्या आणि यकृताच्या पेशी त्याला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट जोडून टाकतात. रक्तात फिरतं ते थाळीवरचं क्वेरसेटिन नव्हेच.

रातकिडा

वाचतोय. थाळी झाली, उंदीर झाले. माणसांत एखादं तरी ठोस उदाहरण आहे का?

केंद्रक

आहे, आणि मला फार आवडणारं आहे.

चीनच्या जिआंगसू प्रांतात यांगत्सेच्या मुखाशी छीतोंग नावाचा भाग आहे. तिथे यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं होतं. दोन कारणं एकत्र आली होती, हेपेटायटिस-बीचा संसर्ग आणि धान्यातलं अफ्लाटॉक्सिन. तिथे १८० निरोगी प्रौढांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २००१ मध्ये आले. निम्म्यांना क्लोरोफिलिनची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, चार महिने. उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. मोजलं काय, तर लघवीतून बाहेर पडणारं अफ्लाटॉक्सिन चिकटलेलं ग्वानीन. म्हणजे डीएनएवर खरोखर झालेला घाव, दुरुस्तीत कापून टाकलेला, थेट मोजलेला. क्लोरोफिलिन घेणाऱ्यांत त्याचं मध्यक प्रमाण ५५ टक्क्यांनी कमी होतं.

आता माझा तो एक शब्द: कुठे? क्लोरोफिलिन म्हणजे हरितद्रव्यापासून बनवलेलं, पाण्यात विरघळणारं, तांबं असलेलं क्षारस्वरूप. ते अर्ध-नैसर्गिक आहे हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचा रेणू सपाट, अफ्लाटॉक्सिनचा रेणूही सपाट. पचनमार्गात दोघं एकमेकांना घट्ट चिकटतात आणि अफ्लाटॉक्सिन कमी शोषलं जातं. संरक्षण झालं ते आतड्यात, डीएनएपासून खूप दूर. पेशीच्या आत क्लोरोफिलिनला काही करावंच लागलं नाही. डॅशवुड आणि बेली यांच्या गटाने ट्राउट माशांवर केलेल्या कामातून हे आधीच दिसलं होतं.

पण याच यंत्रणेतून मर्यादाही येते. दोघं एकाच वेळी पोटात असायला हवेत. आठवड्यापूर्वी झालेल्या घावावर क्लोरोफिलिन काय करणार?

छीतोंगमध्येच सल्फोराफेनवरही काम झालं, तो थांबा वेगळा. हे ब्रोकोलीतलं संयुग जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल तलाले यांच्या गटाने १९९२ मध्ये वेगळं केलं. पेशीत केप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला एरवी सतत नाशाकडे ढकलत असतं. सल्फोराफेन केप-१च्या सिस्टीनना चिकटतं, एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं आणि विषं निकामी करणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतं. सल्फोराफेन स्वतः घातक रेणूला हातही लावत नाही, पेशीलाच कामाला लावतं. २०१४ मध्ये छापलेल्या चाचणीत २९१ लोकांनी १२ आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय किंवा तुलनेसाठीचं पेय घेतलं. मोडांचं पेय घेणाऱ्यांत हवेतून शरीरात गेलेल्या बेंझीनचं ग्लुटाथिओन (विषं बांधणारा पेशीतला रेणू) जोडून होणारं उत्सर्जन ६१ टक्क्यांनी वाढलं, अ‍ॅक्रोलीनचं २३ टक्क्यांनी. क्रोटोनाल्डिहाइडच्या बाबतीत फरक पडला नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. छीतोंगमधलं अफ्लाटॉक्सिन सर्वाधिक घटलं ते कोणत्याही गोळीने नाही. १९८०च्या दशकात तिथल्या लोकांचं मुख्य अन्न मक्याकडून तांदळाकडे वळलं, आणि पुढच्या काळात यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले.

तिसरा_अंक

केंद्रक ताई, माणसांवरच्या चाचण्या चांगल्याच आहेत. पण या विषयावर जे शेकडो निबंध छापले जातात ते अशा दर्जाचे नसतात. मी प्रयोगशाळेत रोज हेच करतो, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

सर्वांत मोठी फसगत विभाजनाची. मायक्रोन्यूक्लियस तयार व्हायला पेशी विभागावी लागते. अर्क जर पेशींना विषारी असेल आणि विभाजन मंदावलं असेल, तर ठिपके आपोआप कमी दिसणार. याला संरक्षण म्हणता येत नाही, ही दुसरी इजा आहे. म्हणून उंदरात कोवळ्या आणि पक्व तांबड्या पेशींचं गुणोत्तर द्यावं लागतं. संवर्धनातल्या मानवी पेशींसाठी फेनेक आणि मॉर्ली यांनी १९८५ मध्ये सायटोकॅलॅसिन-बीची पद्धत आणली ती याचसाठी. केंद्रक विभागतं पण पेशी फुटत नाही, त्यामुळे एकदाच विभागलेल्या पेशी दोन केंद्रकांवरून ओळखता येतात आणि फक्त त्यांच्यातच मोजता येतं. हे आकडे नसलेला निबंध मी बाजूला ठेवतो.

दुसरी फसगत कॉमेट चाचणीतली. अल्कलाईन कॉमेटमध्ये तुटलेला डीएनए विद्युतक्षेत्रात शेपटीसारखा ओढला जातो. शेपूट आखूड म्हणजे हानी कमी, असं सगळे वाचतात. पण मायटोमायसिन-सी किंवा सिसप्लॅटिन यांच्यासारखी रसायनं डीएनएचे धागे एकमेकांना शिवून टाकतात. शिवलेला डीएनए सरकत नाही. तिथे जास्त हानी म्हणजे आखूड शेपूट! हे लक्षात न घेता 'संरक्षण' मोजलेलं मी पाहिलेलं आहे.

तिसरी, विद्रावकाची. अर्क डीएमएसओमध्ये विरघळवतात. डीएमएसओ स्वतःच हायड्रॉक्सिल मूलकं टिपतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने हानी करायची आणि डीएमएसओचा वेगळा नियंत्रण गट ठेवायचा नाही, तर श्रेय कुणाला द्यायचं?

आणि पॉलिफिनॉल्स (वनस्पतींतल्या संयुगांचा एक गट) पेशींच्या माध्यमात नुसती पडून राहिली तरी त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. चहातल्या कॅटेचिनांबाबत हे चांगलं अभ्यासलेलं आहे. मग पेशी त्या किरकोळ ताणाला जुळवून घेतात आणि पुढचा मोठा घाव सोसतात. संयुगाने थेट वाचवलं असं वाटतं, प्रत्यक्षात माध्यमातल्या रसायनाने पेशीला सावध केलेलं असतं.

मात्रेबद्दल एकच आकडा देतो. हळदीतलं कर्क्युमिन ८ ग्रॅम तोंडाने दिल्यावर माणसाच्या रक्तात मिळालेली सर्वोच्च पातळी सुमारे १.७७ मायक्रोमोलर होती. संवर्धनातल्या पेशींवर सर्रास १० ते ५० मायक्रोमोलर ओततात.

सांजवेळ

मी या क्षेत्रातला नाही. माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन चालू आहे, दोन सायकल झाल्या. वर सायक्लोफॉस्फामाइडचं नाव डीएनए तोडणारं म्हणून वाचलं आणि पोटात गोळा आला. एका नातेवाईकाने कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणून दिल्यात, "औषधाचे दुष्परिणाम पेशींना होणार नाहीत" म्हणून. आई त्या घ्यायला लागली आहे. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो, हे बरोबर आहे का?

औषधवेल

सांजवेळ, आधी एक काम करा. त्या कॅप्सूलबद्दल आईच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा, आणि ते सांगतील तोवर थांबवा. आता कारण सांगतो.

सायक्लोफॉस्फामाइड बाटलीतून येतं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृत त्याला सक्रिय करतं, मग त्यातून दोन गोष्टी सुटतात. फॉस्फोरामाइड मस्टर्ड, जे ग्वानीनांना जोडून डीएनएचे दोन धागे शिवून टाकतं, आणि अ‍ॅक्रोलीन, जे मूत्राशयाला भाजतं. गाठीच्या पेशी मरतात त्या पहिल्यामुळेच. म्हणजे वर ज्याला 'जनुकीय हानी' म्हटलं आहे, तीच इथे उपचार आहे. घाबरू नका, पण हे नीट समजून घ्या: केंद्रक यांच्या उंदरांना गाठ नव्हती. तुमच्या आईला आहे. उंदराच्या निरोगी अस्थिमज्जेत ठिपके कमी होणं ही चांगली बातमी वाटते. तेच संरक्षण गाठीच्या पेशीला मिळालं तर?

हा नुसता तर्क नाही. २००२ मध्ये छापलेल्या कामात, संवर्धनातल्या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये कर्क्युमिनने डॉक्सोरुबिसिनसकट काही औषधांनी होणारा पेशीमृत्यू रोखला. आणि उंदरांमध्ये, आहारातून कर्क्युमिन दिल्यावर सायक्लोफॉस्फामाइडने गाठ आक्रसण्याचं प्रमाण घटलं. उलट निष्कर्ष देणारे प्रयोगही आहेत, ज्यांत कर्क्युमिनने औषधाला मदत केली. पण दोन्ही शक्यता खुल्या असताना चालू उपचारात आपण होऊन भर घालणं मला पटत नाही.

एनआरएफ-२ बद्दलही हेच. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत केप-१ जनुकच बिघडलेलं असतं, एनआरएफ-२ कायम चालू राहतं, आणि त्या गाठी औषधांना दाद देत नाहीत. विष निकामी करणारी यंत्रणा ते विष कुणाचं आहे हे बघत नाही.

खरं संरक्षण कसं असावं याचं उदाहरण कदाचित तुमच्या आईच्या औषधांच्या यादीतच असेल. मोठ्या मात्रेच्या सायक्लोफॉस्फामाइडबरोबर मेस्ना देतात. ते रक्तात जवळजवळ निष्क्रिय राहतं, मूत्रपिंडात पुन्हा सक्रिय होतं आणि मूत्राशयातल्या अ‍ॅक्रोलीनला बांधतं. गाठीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ते नैसर्गिक नाही, प्रयोगशाळेत बनवलेलं आहे, पण 'कुठे' या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

सांजवेळ

मनापासून आभार. डॉक्टरांशी बोललो. त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. त्यांचं म्हणणं होतं की अशा गोष्टी लोक सांगतच नाहीत. नातेवाईकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्यांनाही हा धागा पाठवला.

खडूफळा

सांजवेळ, आईंना लवकर बरं वाटो.

औषधवेल यांच्या मुद्द्याला जोडून, निरोगी पण धोक्यात असलेल्या माणसांबाबतही एक मोठा धडा आहे. भाज्या-फळं खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं निरीक्षण होतं. प्रयोगशाळेतलं कामही त्याच बाजूने बोलत होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत केअरेट चाचणीत १८,३१४ धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कातले लोक होते, तिथे व्हिटॅमिन ए-ही जोडलं होतं. ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते.

ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांचंच नुकसान. धूर आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीन स्वतःच ऑक्सिडीकृत होतं आणि त्याचे तुकडे पेशीत उलटं काम करतात, असं फेरेट प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. हे आकडे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहायचो. आजही लिहिताना हात जड होतो, कारण त्या टक्क्यांमागे माणसं होती.

रातकिडा

मग एवढं संशोधन करायचंच कशाला? वरचे प्रतिसाद वाचून असं वाटतं की थाळीवर दिसतं ते खोटं, उंदरात दिसतं ते अपुरं, माणसात दिलं तर उलटंच. मला हे निराशाजनक वाटतं.

केंद्रक

रातकिडा, मला उलट वाटतं. या संशोधनाने हाती जे दिलं ते गोळीपेक्षा मोठं आहे.

नायट्राइट आणि अमाइन एकत्र आले की आम्लात नायट्रोसामाइन बनतात, जबरदस्त उत्परिवर्तक. सिडनी मिर्विश यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) आधी नायट्राइटशी अभिक्रिया करतं, त्यामुळे नायट्रोसामाइन तयारच होत नाही. आज मांस टिकवताना नायट्राइटबरोबर अ‍ॅस्कॉर्बेट घालण्यामागे ही समज आहे. घातक रेणू जन्मण्याआधीच वाट अडवली. यात पेशीच्या आत लुडबुड नाही, म्हणून उलटण्याचा धोकाही फार कमी.

दुसरं उदाहरण व्हॅनिलिनचं. जिवाणूंमध्ये, हानी झाल्यावर दिलं तरी उत्परिवर्तनं घटवायचं, म्हणून कादांच्या वर्गीकरणात ते 'बायो-अँटिम्युटाजेन'. अनेक वर्षं समज होता की ते दुरुस्तीला मदत करतं. पुढे मानवी पेशींवरच्या कामात दिसलं की व्हॅनिलिन आणि सिनॅमाल्डिहाइड स्वतः डीएनएला थोडी हानी करतात, त्यामुळे पेशी पुनर्संयोगाने होणारी, कमी चुका करणारी दुरुस्ती चालू करते, आणि त्याच ओघात इतर उत्परिवर्तनंही घटतात. शिवाय व्हॅनिलिन तुटलेली टोकं थेट जोडणाऱ्या डीएनए-पीके विकराला अडवतं. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण माझ्या जुन्या आकड्यांचा अर्थ बदलला होता. पण आकडे खोटे नव्हते. डीएनए दुरुस्तीबद्दल त्यांतून नवीन कळलं.

अंकुर

केंद्रक मॅडम, मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कांद्याच्या मुळांवर इथाइल मिथेनसल्फोनेट (ईएमएस) या रसायनाने गुणसूत्रं तोडायची आणि एका पानाच्या अर्काने संरक्षण होतं का बघायचं असं ठरलंय. आराखड्यात अर्क आणि ईएमएस एकत्र २४ तास द्यायचे असं लिहिलंय. धागा वाचून आता धास्ती वाटतेय. बदलू का?

केंद्रक

अंकुर, बदल, पण घाबरून नको. कांद्याची मुळं उत्तम आहेत. गुणसूत्रं मोठी, फक्त १६, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

एकत्र देण्याचा गट ठेव, पण तो एकटा नको. ईएमएसला सक्रिय करणारं विकर लागत नाही, ते थेट अल्किल गट चिकटवतं. बीकरमध्येच अर्कातल्या एखाद्या घटकाने त्याला खाऊन टाकलं तर मुळाला काही कळणारच नाही. म्हणून आणखी दोन गट घे. एकात आधी अर्क, मग मुळं नीट धुवून ईएमएस. दुसऱ्यात आधी ईएमएस, धुवून मग अर्क. फक्त एकत्र गटात फरक दिसला तर तुझा अर्क पेशीबाहेर काम करतोय. आधीच्या गटात दिसला तर पेशीची तयारी बदलतेय. नंतरच्या गटात दिसला तर दुरुस्तीचा विचार कर. तीन बीकरांत कादांचं अख्खं वर्गीकरण येतं.

नुसत्या अर्काचा गट तीन वेगवेगळ्या तीव्रतांना ठेव, विद्रावकाचा वेगळा. प्रत्येक काचपट्टीचा विभाजनांक (विभागत असलेल्या पेशींचं प्रमाण) आधी मोज. तिसरा_अंक म्हणाले तेच, विभाजनांक पडला असेल तर कमी झालेल्या विकृतींना अर्थ नाही. प्रत्येक गटात किमान पाच कांदे, आणि आकडेवारीत एकक कांदा धर, पेशी नव्हे. एका कांद्याच्या हजार पेशी म्हणजे हजार प्रयोग होत नाहीत. ही चूक मी पहिल्या वर्षी केली होती.

ईएमएस हाताळताना हातमोजे आणि धूरकपाट. ते बाष्पशील आहे आणि तुझ्या गुणसूत्रांनाही तसंच चिकटतं. उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटने निकामी करूनच टाकायचं.

आणि काचपट्ट्यांवर गटाचं नाव लिहू नकोस. मैत्रिणीला आकडे घालायला सांग, यादी तिच्याकडेच राहू दे. सगळं मोजून झाल्यावर उघडायची.

अंकुर

मॅडम, उद्याच मार्गदर्शकांना नवा आराखडा दाखवते. मैत्रीण तयार आहे. तिने विचारलंय, यादी मी मागितली तरी द्यायची नाही ना?

केंद्रक

नाही. तू रडलीस तरी नाही.